घाडीवकिलाचं गाऱ्हाणं

पाटी केवढी असावी यालाही नियम आहे. वकिलाने नाव लिहावं, पदवी लिहावी आणि गप्प बसावं. पेपरात जाहिरात द्यायची नाही, भिंतीवर रंगवायचं नाही, कोणाच्या दारात जाऊन 'तुमची केस मला द्या' म्हणायचं नाही. अशील आपल्या पायाने येतो. वकिलाने वाट बघायची.

चंद्रप्रकाश घाडी वाट बघत होता.

साकीनाक्याला एका वेल्डिंगच्या गाळ्यावर माळा होता, त्या माळ्यावर त्याचं ऑफिस. ऑफिस म्हणजे अर्धं टेबल. उरलेलं अर्धं भीमराज सोनावणे या दुसऱ्या वकिलाचं. खाली वेल्डिंग चालू असलं की माळ्याची जमीन तापायची, पायातल्या चपला काढता यायच्या नाहीत. हल्ली दोघेही खुशाल अनवाणी बसत. खालचा गाळा थंड पडला होता.

त्र्याऐंशी साल. गिरण्यांचा संप संपला की मोडला हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं, आणि त्याची कळ लालबाग-परळात न थांबता उपनगरांपर्यंत आली होती. गिरण्यांना पट्टे पुरवणारे, पंप पुरवणारे, बॉबिनी कातणारे लहानसहान कारखाने एकामागून एक दार ओढून घेत होते. घरोघरी भांडणं, गेटागेटावर टाळी. अशा दिवसांत वकिलांची चंगळ असेल असं लोकांना वाटतं.

"चंगळ!" भीमराज म्हणाला. "अरे, माणसं आजारी पडली म्हणून डॉक्टर चालत नसतो. आजाऱ्याच्या खिशात काही लागतं ना."

"मग करायचं काय?"

"बसायचं. पाटी पुसायची. तुझ्या पाटीवर जाळं धरलंय, बघ."

चंद्रप्रकाशने पाटी पुसली. बाप गिरणीत खपला होता, त्याने पोराला काळा कोट मिळवून दिला होता. तो कोट आता खुंटीवर आठवडाआठवडा हलत नव्हता. अपघाताच्या आणि भाड्याच्या केसेस घेऊन येणारी गावाकडची माणसं रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघायची. त्यांना वाटायचं, वकिलाशी बोललं की खर्च. बायको सुगंधा काही बोलत नव्हती. तिने शेजारणींचे ब्लाऊज शिवायला घेतले होते, एवढंच.

•

असल्फ्याच्या टेकडीवर कोकणातल्या एका गावचं मंडळ होतं. त्याच गावचा चंद्रप्रकाश. माघात मंडळाची वर्षाची पूजा असायची आणि पूजा झाली की गाऱ्हाणं.

गाऱ्हाणं कोणीही घालत नाही. गावात तो मान घाडी घराण्याचा. नारळ हातात घेऊन देवासमोर उभं राहायचं, सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाव तिकडे राहिलं, टेकडी इकडे आली, तरी मान तोच. चंद्रप्रकाशचा काका धोंडू घाडी टेकडीवरच राहायचा. आजवर तोच गाऱ्हाणं घालत आला होता. त्या पावसाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. एक पाय गेला, जीभ जड झाली.

"चंदू," धोंडूने पुतण्याच्या हातात नारळ ठेवला. "आता तूच."

"काका, मला येत नाही. मी कधी..."

"लहानपणी माझ्या धोतराक धरून उभो ऱ्हवायचंस. येता तुका."

खरं सांगायचं तर चंद्रप्रकाशला त्या सगळ्याची लाज वाटायची. कोर्टात 'मे इट प्लीज' म्हणणारा माणूस, आणि इथे पिंपळाखालच्या घुमटीसमोर उघड्या पायांनी. पण तो उभा राहिला. तोंड उघडलं, आणि आतून बापाचा आवाज आला, आज्याचा आवाज आला, कोर्टात कधी न निघालेला.

— बा देवा, बारा-पाचाच्या म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— आज ही तुझी लेकरां परमुलखात, ह्या डोंगरार, तुझी आठवण करून उभी ऱ्हवली हत, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— जी काय वेडीवाकडी सेवा केली आसात ती गोड मानून घे, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

इथे संपवायचं. पण समोरची तोंडं त्याने पाहिली. निम्मे पुरुष साकीनाक्याच्या पंपाच्या कारखान्यातले. गेटला टाळं लागून दिवाळी गेली होती. त्याच्या तोंडातून पुढचं आपोआप निघालं. आपोआप म्हणजे, वकिलाच्या तोंडातून निघतं तितपत आपोआप.

— ह्यांच्या हाताक काम नाय, म्हाराजा! शेटीन दाराक टाळा घातल्यान. ह्या लेकरांका कायद्याची वाट दाखय, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

हा 'व्हय' आधीच्यांपेक्षा मोठा होता. पिंपळावरचे कावळे उडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याच्या जिन्यावर माणसं बसली होती. सगळ्यात पुढे गुणाजी मेस्त्री, ड्रिल मशीनवरचा कामगार. टेकडीवर घर, बायको रुक्मिणी आणि एक मुलगी, चंपा. त्याने टोपी काढून हातात धरली.

"वकीलसायब, काल तुमी देवाक सांगितलास ना, कायद्याची वाट? ती खयसून जाता?"

"इथूनच जाते," चंद्रप्रकाश म्हणाला आणि कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा पुढे ओढला.

भीमराजने शांतपणे आपलं अर्धं टेबल त्याला मोकळं करून दिलं.

•

त्यानंतर घाडीवकील फिरत राहिला. कांजूरमार्गला एका मंडळाचा हळदीकुंकू समारंभ, दहिसरला नदीकाठच्या चाळीत सत्यनारायण, मुलुंडला कोणाची तरी वास्तुशांत. बोलावणी यायची. आधी लोक धोंडूच्या नात्याने बोलवायचे, मग आवाजासाठी बोलवायला लागले. तो जायचा, नारळ धरायचा, आणि गाऱ्हाण्यात एखादंच वाक्य घालायचा. कुठे टाळं, कुठे थकलेला पगार, कुठे घरमालकाची नोटीस. 'माझ्याकडे या' असं तो कधीच म्हणाला नाही. नियम पाळला.

"बार कौन्सिलला कळलं ना," भीमराज म्हणाला, "तर नोटीस कोणाला काढतील रे? तुला का देवाला?"

"मी काय खोटं सांगतोय? त्यांचं दुःखच मांडतो ना."

"मांड ना यार. मी कुठे नाही म्हणतोय? आमच्या वस्तीत पण कारखाने बंद आहेत. मी काय मागायचं कोणाकडे? आमच्यात देव नाही, तुझ्यासारखी एजन्सी मिळणं कठीण."

दोघेही हसले. चंद्रप्रकाशचं हसणं जरा आधी थांबलं.

धोंडूने मात्र त्याला एकदा जवळ बसवून घेतलं. म्हाताऱ्याला एकेक शब्द ओढून आणावा लागायचा.

"गाऱ्हाण्यात मागूचा, चंदू. दी म्हणान मागूचा. कोणाक लागात असा बोलूचा नाय. आपल्या घराण्याच्या तोंडाक... लोक मान देतत. देव काय करता तां देवाक ठावक. लोक काय करतले, तां बघ."

चंद्रप्रकाशने मान हलवली. मनात पुढच्या तारखेचा विचार होता.

•

पंपाच्या कारखान्याची केस लेबर कोर्टात लागली. तारीख, पुढची तारीख. मालकाने काय करावं? त्याने गेटवर एक माणूस बसवला. या, सही करा, तक्रार मागे घेतली म्हणा, आपला हिसाब घ्या आणि घरी जा. जे मिळायला हवं त्याच्या निम्माशिम्मा, पण हातात आज.

काही जण गेले. आधी रात्रपाळीचे, मग ज्यांच्या घरी म्हातारं अंथरुणात होतं ते. गेलेला माणूस गेटवरून परस्पर घरी जायचा, माळ्यावर तोंड दाखवायचा नाही. जिन्यावरची गर्दी विरळ होऊ लागली.

चंद्रप्रकाश स्वतःला सांगायचा, एकी मोडली तर केस मोडेल, उरलेल्यांचं नुकसान होईल. हे खरंच होतं. आणि खुंटीवरचा कोट पुन्हा हलेनासा होईल, हेही खरं होतं. दोन्ही खरं एकाच पोटात होतं आणि त्यातलं कोणतं बोलतंय हे त्याने तपासलं नाही.

शिमगा आला. धुळवडीला टेकडीवर पालखी नाचवली, गुलाल उधळला, ढोल वाजले. शिमग्याचं गाऱ्हाणं म्हणजे आधीच आडदांड. त्या दिवशी माणूस बोलतो त्याला धरबंद नसतो. चंद्रप्रकाशच्या हातात नारळ आला. ऊन डोक्यावर होतं.

— बा देवा, म्हाराजा! ह्या लेकरांनी एक हात धरलो हा, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— तो हात सोडून, भावाक पाठ दाखवून जो कोण गेटार जायत आणि हिसाब घेयत, तो आमचो नाय, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— त्येच्या दारात कोणाचो पाय पडता नये, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— त्येच्या हाकेक कोणाची ओ येता नये, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

धोंडू आपल्या दारात खुर्चीवर बसला होता. त्याने चांगला हात वर केला, काहीतरी ओरडला. ढोलात ते बुडालं.

गेटवरचा माणूस दुसऱ्या दिवसापासून एकटाच बसू लागला. एकही सही नाही. मालकाचा वकील कोर्टाच्या व्हरांड्यात चंद्रप्रकाशला म्हणाला, "काय जादू केलीत हो?" जिना पुन्हा भरला. आता पंपवाल्यांबरोबर दुसरेही यायला लागले.

•

गुणाजी एका दुपारी आला. बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि शेवटी खुर्चीच्या कडेला टेकला.

"सायब, एक विचारूचा होता. कायद्यान माका हिसाब घेवक येता का?"

चंद्रप्रकाशने पेन खाली ठेवलं. "का रे?"

"चांदिवलीक एक गाळो आसा. वळखीचो माणूस. म्हणता, तुझी सोताची मशीन घेवन ये, मी कोपरो देतंय. जुनी ड्रिल मशीन बघून ठेवलंय. हिसाब घेतलंय तर ती येयत. हात चालू होतलो. नायतर हे हात..." त्याने हात समोर धरले. तळव्यावरचे घट्टे मऊ पडायला लागले होते. "रुक्मिणी म्हणता, तुझे हात आता भटासारखे झाले."

चंद्रप्रकाशला त्याच आठवड्यात कळलं होतं, मालक यंत्रं हळूहळू वापीला हलवतोय. केस जिंकलीच तरी टाळ्यामागे भिंती सापडतील. गुणाजी म्हणत होता तेच शहाणपणाचं होतं. ऑफिसातला कुठलाही वकील ते सांगू शकला असता.

"कायद्याने घेऊ शकतोस," तो म्हणाला.

"आणि तां? शिमग्याचा?"

जिन्यावर बोलणी थांबली होती. पातळ फळीचा दरवाजा, पलीकडे सगळी टेकडी बसलेली. एक वाक्य पुरे होतं. 'अरे, ते मी बोललो, देव नाही बोलला.' ते वाक्य जिभेवर आलंही. पण ते ऐकून जिना उठून गेला असता, एकेक करून गेटवर.

"इतके दिवस थांबलायस गुणाजी," चंद्रप्रकाश म्हणाला. "अजून थोडा थांब. बघू."

गुणाजी खुर्चीच्या कडेवरून उठला. मग टोपी घालून गेला. भीमराज दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र वाचत होता, त्याने पान उलटलं नाही.

"सांगायचं होतंस त्याला," तो म्हणाला.

"तू सांगायचंस."

"माझं कोण ऐकणार? व्हय तुला म्हणतात."

•

गुणाजीने हिसाब घेतला. मशीन आणली. हातगाडीवर घालून चांदिवलीला नेली, तेव्हा गाडी ढकलायला टेकडीवरचं कोणी आलं नाही. गाळेवाला आणि तो, दोघांनीच ढकलली.

मग हे झालं.

नळावर रुक्मिणीचा हंडा लागला की पुढची बाई आपला हंडा मागे घ्यायची. व्हय म्हाराजा.

चंपा शाळेतून एकटी यायची, बाकीच्या मुली तिच्या पुढे किंवा मागे. व्हय म्हाराजा.

गुणाजी कोणाला 'काय रे, बरा मा?' म्हणाला तर समोरचा बिडी पेटवायचा. व्हय म्हाराजा.

आषाढातली एक संध्याकाळ. पाऊस थांबलेला, पायऱ्या निसरड्या. गुणाजी कामावरून चढत होता. नळाजवळ छातीला हात लावून तो खाली बसला. व्हय म्हाराजा.

टेकडीवर रिक्षा चढत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवतात, चौघे धरतात, खालच्या रस्त्यापर्यंत उतरवतात. बाळंतिणी तशाच उतरल्या, धोंडूही तसाच उतरला होता. चौघे लागतात. व्हय म्हाराजा.

रुक्मिणी ओरडत दारोदार गेली. दारांत माणसं होती. ज्यांनी धोंडूची खुर्ची उचलली होती ती माणसं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि एकमेकांकडे पाहिलं, आणि जो आधी पाय उचलेल त्याच्याकडे पाहायला म्हणून वाट पाहिली. व्हय म्हाराजा.

कोणी पाय उचलला नाही. व्हय म्हाराजा.

धोंडू दारातून किंचाळत होता, खुर्चीवरून पडला, एका पायाने सरपटत अंगणाच्या कडेपर्यंत आला. व्हय म्हाराजा.

रुक्मिणी आणि चंपाने गुणाजीला बखोटीला धरून पायऱ्यांवरून ओढत नेलं. खालच्या रस्त्यावरच्या भय्याने दूध टाकून रिक्षा थांबवली. राजावाडी हॉस्पिटलला पोचेपर्यंत तो गेला होता.

व्हय.

•

हे चंद्रप्रकाशला धोंडूने सांगितलं. त्याच्या कोपरावर खरचटल्याच्या खपल्या होत्या.

"ते काय म्हणतात?" चंद्रप्रकाशने विचारलं. "टेकडीवरचे."

"म्हणतत, गाऱ्हाणां लागला."

"कोणी म्हणत नाही, की आपण उचललं नाही?"

धोंडूने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात. "तसा म्हटला तर झोप कशी लागतली त्यांका?"

त्या आठवड्यात माळ्याचा जिना पुरेनासा झाला. माणसं खाली वेल्डिंगच्या गाळ्यासमोर उभी राहू लागली. पवईचे, भांडुपचे, एक तर थेट बोरिवलीहून आलेला. कोणी उघड काही बोलत नव्हतं. वकीलपत्रावर सही करताना मात्र आदबीने वाकायचे, जरा जास्तच. एकाने निघताना पायाला हात लावला. चंद्रप्रकाशने पाय मागे घेतला, तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती दिसली, जसा काही आपल्या हातून गुन्हा घडला.

भीमराजने सामान आवरलं. अंधेरी कोर्टाजवळ त्याला कोणाच्या तरी टेबलाचा कोपरा मिळाला होता.

"रागावलास?"

"नाही रे. तुझ्या अशिलांना बसायला जागा नको?" दारात तो थांबला. "एक सांगू? त्यांच्यासमोर उभा राहा आणि साध्या भाषेत सांग. मी खोटं बोललो, म्हण. काळा कोट घालून सांग. ती गाऱ्हाण्याची बोली नको. तिच्यात तू काहीही म्हणालास तरी ते व्हयच म्हणणार."

•

रुक्मिणी आली ती श्रावणात. जिन्यावरच्या माणसांनी तिला वाट दिली. अंग चोरून.

"वकीलानू, माझ्या घोवाक जां लागायचा तां लागला. चेडवाक, चंपाक ताप येता. उतरता, परत येता. तां गाऱ्हाणां तुमी उचला."

"वहिनी, बसा. तिला डॉक्टरकडे नेलंत का?"

"नेलंय. औषध चालू आसा. पण तां वर आसा तवर औषध काय करतला? तुमी घातलास, तुमीच उचलूक होया."

चंद्रप्रकाश उठला, दरवाजा उघडला. जिन्यावरच्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "ऐका. असं काही नसतं. त्या दिवशी देव काही बोलला नाही. मी बोललो. माझे अशील सुटत होते म्हणून बोललो. गुणाजीला काही लागलं नाही. त्याला वेळेवर खाली नेलं असतं तर तो कदाचित वाचला असता."

जिन्यावरची माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. एक जण खोकला.

रुक्मिणीने पदर घट्ट धरला. "म्हणजे तुमी उचलूचा नाय म्हणतास."

"उचलायला काही नाहीच, वहिनी!"

"ह्यांनी सांगितल्यानी तुमका? नको उचलू म्हणान?" तिने जिन्याकडे हात केला. "ह्यांच्या केशी तुमका सांभाळूक होयत. मी काय, एकटी बायल. पण चेडू काय तुमच्या वाटेक इला? तेना खंय हिसाब घेतल्यान?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती सौदा करायला आली होती, आणि समोरचा ऐकत नाही म्हणून कळवळत होती. चंद्रप्रकाशच्या लक्षात आलं, खरं सांगून आपण तिचं शेवटचं दार लावून घेतोय.

"येतो," तो म्हणाला. "सोमवारी येतो."

•

सोमवारी सकाळी तो काळा कोट घालून टेकडी चढला. घुमटीसमोर माणसं जमली होती, नेहमीपेक्षा जास्त. ज्यांनी खुर्ची उचलली नाही ते पुढे होते. रुक्मिणी चंपाला धरून एका बाजूला उभी. मुलगी शालीत गुंडाळलेली, डोळे मोठे झालेले.

"मंडळी," चंद्रप्रकाशने सुरुवात केली. "मला तुम्हाला साध्या शब्दांत सांगायचंय, की गुणाजी मेस्त्री..."

"वकीलसायब," मंडळाचा अध्यक्ष मध्येच म्हणाला. "आधी गाऱ्हाणां. भाषण मगे."

"हे भाषण नाही."

"देव थांबलो हा," कोणी तरी मागून म्हणालं.

धोंडूने नारळ पुढे केला. थरथरत्या हातातला तो नारळ कोणी तरी घ्यायलाच हवा होता. चंद्रप्रकाशने तो घेतला. कोट घामाने पाठीला चिकटला. ठीक आहे, त्याला वाटलं. याच बोलीत सांगतो. सगळं सांगतो. शब्द तर मराठीच आहेत.

— बा देवा, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— शिमग्याक ह्याच जाग्यार, ह्या तोंडान एक सबद गेलो. तो तुझो नाय होतो, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— तो माझो होतो. माझी अशिला जावक लागली, म्हणान माझ्या लोभातसून इलो, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— गुणाजीक तू मारूक नाय, म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

— आमी मारलो! तेची बायल दारोदार बोंब मारीत फिरली आणि आमी दारात उभे ऱ्हवलो, म्हाराजा! खुर्चेक चार हात मिळाक नाय, म्हाराजा!

तो थांबला. एक क्षण पिंपळाची पानंसुद्धा ऐकू आली. पुढच्या रांगेतल्या एकाचा जबडा हलला. चंद्रप्रकाशला वाटलं, आता. आता कोणी तरी गप्प राहील.

— व्हय म्हाराजा!

इतका मोठा 'व्हय' त्या टेकडीने ऐकला नव्हता. डोळे मिटून, नरड्याच्या शिरा ताणून ते ओरडले. एक जण रडत होता. रडता रडता ओरडत होता. त्या आवाजात कबुली शोधली तर सापडली असती, पण ती कोणा एकाची नव्हती. देवाच्या पायावर टाकून ते सगळे मोकळे झाले होते.

आता एकच उरलं होतं.

— जां काय चुकला-माकला तां माझ्या पदरात घाल, म्हाराजा. त्या चेडवाक सोड.

— व्हय म्हाराजा!

रुक्मिणीने चंपाला पुढे ढकललं आणि घुमटीसमोर तिचं डोकं टेकवलं. मग स्वतःचं टेकवलं. उठली तेव्हा तिचा चेहरा, कित्येक महिन्यांनी, माणसासारखा दिसत होता.

नारळ फोडायचा होता. चंद्रप्रकाशने मनात एकच मागितलं, की तो नासका निघावा. काळा, कुजका, सगळ्यांना वास येईल असा. दगडावर आपटला. पाणी उडालं. आतून पांढराशुभ्र, जाड खोबऱ्याचा.

"मान्य झाला!" अध्यक्ष म्हणाला, आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

पुढच्या रांगेतला तो रडणारा माणूस जवळ आला, हात धरून म्हणाला, "काय घातलास गाऱ्हाणां, सायबानू. सगळ्यांचा पाप आपल्या अंगावर घेतलास. असो माणूस नाय."

"मी खरं सांगत होतो," चंद्रप्रकाश म्हणाला.

"व्हय तर," तो म्हणाला, डोळे पुसत.

गर्दी उतरायला लागली. एक अनोळखी माणूस मात्र मागे रेंगाळला. अंगात खाकी शर्ट, खिशावर कारखान्याचं नाव उसवून काढल्याच्या खुणा.

"मी मुलुंडवरून आलोय, साहेब. आमच्या गेटला पण टाळं लागलंय. पोरं फुटायला लागलीत. तुम्ही आमच्या मंडळात याल का? ते..." त्याने आवाज खाली आणला. "ते हिसाबाचं पण घाला. शिमग्याला घातलं होतंत ना, तसंच. त्याशिवाय माणसं धरून राहत नाहीत, साहेब."

चंद्रप्रकाशने नाही म्हणायला तोंड उघडलं. खाली पायऱ्यांवर माणसं उतरत होती. नळाजवळ, जिथे गुणाजी बसला होता, तिथे एकेक जण बाजूने वळसा घालून जात होता.

"माणसं किती आहेत तुमची?" त्याने विचारलं.

मुलुंडच्या माणसाचा चेहरा उजळला, आणि तो भराभर सांगायला लागला. रुक्मिणी खोबऱ्याचे तुकडे वाटत फिरत होती. तिने एक तुकडा चंद्रप्रकाशच्या हातावर ठेवला आणि तो खाईपर्यंत समोर उभी राहिली.

त्याने तो चावला. खोबरं गोड होतं.